बरणीतला पांढरा शार्क

ज्ञानाच्या ओढीपुढे भूगोल हात टेकतो, असं आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत छापलेलं आहे. वाक्य माझंच आहे. मी मराठी शिकवतो, त्यामुळे संस्थेला अशी वाक्यं लागली की माझ्याकडून नेली जातात, जशा लग्नसराईत वसतिगृहातून सतरंज्या नेतात. हे वाक्य मी सरांवरच्या लेखात वापरलं. पण भूगोलाने हात टेकलेले मी स्वतः पाहिलेले नाहीत. बोरीच्या पुढे आमचं कॉलेज आहे. तिथून समुद्र एक रात्र आणि वर अर्धा दिवस एवढा लांब होता, सर नोकरीला लागले तेव्हाही आणि निवृत्त झाले तेव्हाही. मधल्या काळात रस्ते सुधारले म्हणून फार तर तासाभराने जवळ आला असेल.

सर प्राणिशास्त्र शिकवायचे. पाठ्यपुस्तकात शार्कला जेमतेम अर्धं पान होतं: सांगाडा कूर्चेचा, कल्ल्यांच्या फटी उघड्या, पुढचा धडा. सरांच्या वर्गात ते अर्धं पान तीन आठवडे चालायचं. त्यातही सगळे शार्क नव्हेत, एकच: मोठा पांढरा शार्क, ज्याला सर नुसतं ‘तो’ म्हणायचे. आमच्या गावच्या बायका नवऱ्याचा उल्लेख करतात तसा. बेडकाची पचनसंस्था, झुरळाचे पाय आणि मानवी हृदय हे सगळं मग जानेवारीत जादा तास घेऊन उरकलं जायचं. पालक तक्रार करायचे नाहीत, कारण निकाल चांगला लागायचा. का लागायचा हे कोणालाच कळलं नाही. मला वाटतं, तीन आठवडे शार्क ऐकल्यावर पोरांना झुरळ सोपं वाटत असावं.

त्यांच्या वर्गाबाहेर मी पुष्कळदा उभा राहिलो आहे. माझा वर्ग शेजारचा होता आणि माझ्या वर्गातली पोरंही तिकडेच कान देऊन असायची, मग मी एकट्याने कवितेचं रसग्रहण करण्यात अर्थ नव्हता.

“त्याच्या अंगात एक हाड न्हाई,” सर बाकांच्या मधून चालत सांगायचे. “सगळी कूर्चा. आपल्या कानाची पाळी असती तशी. आता कान पिरगाळून बघा. शेजाऱ्याचा न्हाई, सोताचा.”

किंवा: “बाकीचे मासे पाण्याइतके थंड. पाणी थंड, मासा थंड. ह्याचं तसं न्हाई. ह्याचे स्नायू कोमट, पोट कोमट, मेंदू कोमट. कसं? शिरांची जाळी. आतून येणारं गरम रक्त बाहेरून येणाऱ्या थंड रक्ताला चिकटून जातं आन् जाता जाता आपली ऊब त्याला देऊन जातं. थंडीत दोन म्हातारे एका घोंगडीत बसत्यात का न्हाई? तसं.”

एका मुलीने विचारलं होतं, “सर, तो झोपतो कवा?”

“थांबून झोपत न्हाई. तोंड उघडं ठेवून पुढं जात राहिला तरच कल्ल्यातनं पाणी वाहतं, तरच श्वास. थांबला की गुदमरला.”

सर स्वतःही बसायचे नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची होती, तिच्यावर त्यांचा डबा बसायचा. ते खिडकीपासून कपाटापर्यंत फेऱ्या मारत चहा प्यायचे. यावरून कोणी थट्टा केली की गंभीरपणे सांगायचे, “माझी पाठ दुखती. शार्कचा काय संबंध?” अशा बाबतीत ते अलंकार चालवून घ्यायचे नाहीत. वर्तमानपत्रात शार्कला देवमासा म्हटलेलं दिसलं की लाल पेनाने खाडाखोड करून ते कात्रण संपादकांना पोस्टाने पाठवायचे. देवमासा पिलाला दूध पाजतो, शार्कची माय पिलाला जन्म देऊन निघून जाते, मागे वळून बघत नाही, आणि हे संपादकांना ठाऊक असायला हवं, अशी त्यांची अपेक्षा होती. एकदाही उत्तर आलं नाही. त्यांना उत्तर नकोच होतं. दुरुस्ती हवी होती.

हे वेड आलं कुठून, तर परभणीच्या शनिवार बाजारातून. तरुणपणी रद्दीच्या ढिगात त्यांना एक इंग्रजी पुस्तक मिळालं, मुखपृष्ठ गेलेलं आणि सुरुवातीची चाळीसेक पानं नसलेलं. ते थेट दातांपासून सुरू होत होतं. दात त्रिकोणी, करवतीसारख्या कडांचे, ओळीमागे ओळ. पुढचा पडला की मागचा सरकून जागेवर. ही व्यवस्था सरांना इतकी पटली की ते म्हणायचे, शिक्षक भरती अशी पाहिजे. पुढे मोबाइल आला आणि गेलेली चाळीस पानं भरून निघाली. तोवर त्यांची बरीच वर्षं त्या चाळीस पानांत काय असेल याचा अंदाज करण्यात गेली होती. त्यातले बरेच अंदाज बरोबर निघाले, असं ते सांगायचे. पडताळायला कोणाकडे काही साधन नव्हतं.

मोबाइलमुळे आणखी एक गोष्ट झाली. दूरदेशचे शास्त्रज्ञ शार्कच्या पाठीवरच्या परावर एक यंत्र बसवतात. पर पाण्याबाहेर आला की यंत्र आकाशात खूण पाठवतं आणि कोणालाही फोनवर दिसतं की हा शार्क आत्ता अमुक ठिकाणी आहे. सरांनी अशा एका मादीचा माग धरला होता. तिला ते ‘बाई’ म्हणायचे. सकाळी बोरीच्या फाट्यावर एसटीतून उतरले की शिपाई मामा चौकशी करायचे.

“बाई कुठं पवायलेत सर आज?”

“दक्षिण आफ्रिकेच्या खाली होत्या. सहा दिवस झाले, वर आल्या न्हाईत.”

“रुसल्या असतील.”

“खोल गेल्या असतील. पर वर आल्याशिवाय कळत न्हाई.”

नव्याने रुजू झालेल्या एका क्लार्कने हे संभाषण दोन आठवडे ऐकलं आणि तिसऱ्या आठवड्यात मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “सरांच्या मंडळी आफ्रिकेत असत्यात का?” मी हो म्हणालो. तो बरेच दिवस सरांशी फार आदराने वागत होता.

माणसांबद्दल सर फारसं बोलत नसत. बोलले तर शार्कच्या हिशेबाने बोलायचे. मोठा पांढरा शार्क माणसाला चावतो आणि बहुधा सोडून देतो. माणूस त्याला आवडत नाही. चरबी कमी, हाडं जास्त, सीलच्या मानाने अगदीच निकृष्ट माल. चाखून बघतो, एवढंच. “माणूस मरतो तो बहुतेकदा ह्या चाखण्यानंच,” सर म्हणायचे. संस्थेचे अध्यक्ष महिन्यातून एकदा कोणा ना कोणा शिक्षकाला केबिनमध्ये बोलावून झापायचे. तो बाहेर आला की सर नुसतं विचारायचे, “सोडलं ना? मग जाऊ द्या. चाखलं असेल.”

सरांनी समुद्र पाहिला नव्हता, हे मला त्यांच्याबरोबर काम करायला लागल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं. त्यांनी लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं. शार्कबद्दल इतकं बोलणाऱ्याने समुद्र पाहिला असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांची धाव पुण्यापर्यंत गेली होती, तीही एका उजळणी वर्गासाठी, आणि तिथे त्यांना वनस्पतिशास्त्राच्या गटात घातलं होतं.

“म्हणजे तुमचं सगळं ऐकीवच की,” मी म्हणालो. थट्टेत म्हणालो होतो.

सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फेऱ्या मारता मारता माझ्या टेबलाशी थांबले. त्यांचं थांबणं ही मोठी गोष्ट होती.

“बरोबर हाय तुमचं,” ते म्हणाले. “ऐकीवच हाय.”

त्या दोन दिवसांत काय झालं असेल, ते मला पुढे पूर्णेला त्यांच्या घरी गेल्यावर उमगलं. घर बौद्ध, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि तिच्या शेजारच्या खुंटीला एक लांब दांड्याचा हातोडा टांगलेला. सरांचे वडील रेल्वेत कीमन होते. रोज सकाळी नेमून दिलेल्या रुळावरून हातोडा घेऊन चालत जायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक लोखंडी चावी ठोकून बघायची, ढिली असेल तर घट्ट करायची आणि संध्याकाळी साहेबाला सांगायचं की माझ्या हद्दीतला रूळ ठीक आहे. एकदा शेजारच्या हद्दीतला कीमन तापाने घरी राहिला. साहेब म्हणाले, त्याच्याही हद्दीचं तूच ‘ठीक’ सांगून टाक, कालच तर बघितलं होतं. वडील म्हणाले, मी बघितलं न्हाई, मी सांगणार न्हाई. मग त्याच दिवशी उन्हात ते दुसऱ्याची हद्द चालून आले. एकही चावी ढिली निघाली नाही. सरांनी ही गोष्ट मला सांगितली तेव्हा मी शेवटाची वाट बघत होतो. शेवट एवढाच होता.

त्यानंतर सरांनी मनाशी ठरवून टाकलं की निवृत्त व्हायच्या आधी विज्ञानाची पोरं समुद्रावर न्यायची, आणि आपणही त्यांच्याबरोबरच पाहायचा. आधी एकट्याने जाऊन यायचं, मग येऊन वर्गात सांगायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. “म्या बघायचं आन् त्यांनी ऐकायचं, म्हंजी पुन्हा ऐकीवच की. एक पिढी पुढं सरकलं, बस.”

दरवर्षी ते सहलीचा अर्ज करायचे. दरवर्षी सहल वेरूळला जायची. प्राचार्य अर्जावर ‘पुढील वर्षी विचार व्हावा’ असा शेरा मारायचे. त्यांचंही चुकत नव्हतं. पाण्यावर सहल न्यायची नाही, असं अध्यक्षांनी बजावून ठेवलं होतं. लेण्यांत कोणी बुडत नाही. वेरूळचा कैलास पोरांना मग सरच समजावून सांगायचे, वरून खाली कोरत आणलेला एकच दगड म्हणून, आणि त्यात कुठे काही सांधा दिसतो का ते हात लावून तपासायला लावायचे.

आता बरणीकडे यायला हवं.

अध्यक्षांचे वडील, म्हणजे संस्थेचे संस्थापक, आमच्याकडे त्यांना थोरले साहेब म्हणतात, फार पूर्वी कुठल्याशा सहकारी शिष्टमंडळाबरोबर कोकणात गेले होते. येताना फॉर्मलिनच्या बरणीत एक मासा घेऊन आले. वीतभराहून थोडा मोठा, अणकुचीदार नाकाचा, पांढराफटक. थोरल्या साहेबांनी तो प्रयोगशाळेला दिला. ज्या पेंटरने कॉलेजची पाटी रंगवली त्यानेच बरणीवर तेलरंगात लिहिलं: ‘भव्य पांढरा शार्क (पिल्लू). सप्रेम भेट.’ मासा शार्कच होता आणि पांढराच होता, तेव्हा तसं बघितलं तर पेंटरने डोळ्यांना दिसलं तेच लिहिलं.

थोरले साहेब वारल्यावर बरणीचा मान वाढला. पुण्यतिथीला हॉलमध्ये त्यांची तसबीर मांडली जायची आणि शेजारी टेबलावर बरणी. आधी तसबिरीला हार, मग बरणीला. नवीन शिक्षक दोन्हींना नमस्कार करायचे. मीही पहिल्या वर्षी केला. सर तसबिरीला हात जोडायचे आणि बरणीसमोरून मान खाली घालून पुढे व्हायचे. अध्यक्षांना वाटायचं, सर भारावलेत.

बरणीबद्दल सरांनी कोणापाशी तक्रार केली नव्हती. त्यांच्या हद्दीत मोठ्यांपैकी कोणी विचारलं नव्हतं, एवढंच. पोरं विचारायची, तेव्हा ते खरं ते सांगून टाकायचे. पोरं ऐकायची आणि पुण्यतिथीला शांतपणे फुलं वाहायची. संस्थेत शिकल्याचा एवढा परिणाम होणारच.

सरांची नोकरी दीड वर्ष उरली होती तेव्हा प्राचार्यांची निवृत्ती आली. सेवाज्येष्ठतेत सर पहिले, मी दुसरा. प्रभारी प्राचार्यपद सरांना मिळालं की सहलीच्या अर्जावर शेरा मारणारा हात त्यांचाच असणार होता. त्यांनी अर्ज लिहूनही ठेवला, अर्जदार म्हणून एक सही करून. दुसऱ्या सहीची जागा मोकळी होती. फेऱ्यांचा वेग त्या महिन्यात थोडा वाढलेला मी पाहिला.

त्याच महिन्यात विज्ञानाची एक तुकडी वाढवून मिळावी म्हणून तपासणी समिती यायची होती. आदल्या दिवशी अध्यक्षांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. मला स्वागताचं भाषण लिहून द्यायचं होतं.

“सर,” अध्यक्ष म्हणाले, “खुर्ची तुमचीच हाय. मला काय अडचण न्हाई. उद्या समितीला लॅबमधी न्यायचं, थोरल्या साहेबांची बरणी दाखवायची आन् दोन शब्द सांगायचे. हितं मराठवाड्यात असला मासा कुठं हाय का दुसरीकडं?”

“न्हाई,” सर म्हणाले.

“मंग झालं तर.”

“दोन शब्द कोणते सांगू?”

“जे बरणीवर लिव्हलंय ते.”

बाहेर आल्यावर सर व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेले, परत आले.

“एक वाक्य हाय सर,” मी म्हणालो. “म्हणून टाका. समितीतल्या कोणाला काय कळतंय? पुढच्या डिसेंबरात पोरं समुद्रावर असतील.”

“व्हय,” ते म्हणाले. “आन् तिथं पोरांनी विचारलं, सर, समितीला तुमी असं का सांगितलं, तर?”

“नाही विचारणार.”

“ते न्हाईच विचारणार,” सर म्हणाले. “ते तर लय वाईट.”

दुसऱ्या दिवशी समितीचे तीन सदस्य आले. शाल, श्रीफळ, माझं भाषण, मग नाश्ता, मग प्रयोगशाळा. बरणी मधल्या टेबलावर, खाली मखमलीचा तुकडा. अध्यक्षांनी स्वतः ओळख करून दिली. वडिलांनी एवढ्या लांबून, एसटीत मांडीवर धरून आणलेली बरणी, असं सांगताना त्यांचा आवाज जरा जड झाला. तो जडपणा खरा होता, हे मला आजही मान्य आहे.

“आता आमचे सर सांगतील,” ते म्हणाले.

सरांनी खिशातून फूटपट्टी काढली. ती बरणीला लावली.

“बरणी एक फूट,” ते म्हणाले. “मोठ्या पांढऱ्या शार्कचं पिल्लू जन्मतं तवाच चार-साडेचार फुटाचं असतं. माझ्या छातीला लागंल एवढं. हे त्याचं पिल्लू न्हाई.”

अध्यक्ष हसले. सवयीने हसले.

“सर, हे अगदी ल्हान असतानाचं असंल.”

“ल्हान असतानाचंच सांगायलोय साहेब. जन्मल्या दिवशीचं. त्याच्या आधी ते मायच्या पोटात असतं आन् तिथं बाकीची अंडी खाऊन वाढतं. ते कोकणात बाजारात मिळत न्हाई.”

“पर पांढरं हाय की,” अध्यक्ष म्हणाले. आता ते हसत नव्हते.

“फॉर्मलिनमुळं. त्यात रंग जातो. खरा मोठा पांढरा शार्क नुसता पोटाकडून पांढरा असतो. वरून करडा. वरून बघणाऱ्याला खालच्या पाण्यात दिसू नये, खालून बघणाऱ्याला उजेडात दिसू नये म्हणून.” सरांनी मागचं कपाट उघडलं. “हा बेडूक बघा, पांढरा. हा धामण साप, पांढरा. ही पाल. तुमी-आमी बसलो फॉर्मलिनमधी, तर आपुन बी पांढरेच होऊ, साहेब.”

समितीतल्या एका बाईंना हसू आलं. ते त्यांनी शालीच्या पदराआड जिरवलं.

“मग हे आहे काय?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता तरी सर निभावून नेतील.

“मुशी,” ते म्हणाले. “शार्कच्याच जातीतली, पर ल्हान. पूर्ण वाढलेली हाय ही. कोकणात हिचं कालवण करत्यात.”

अध्यक्ष माझ्याकडे वळले. “सर, तुमी सांगा हो. तुमी तर इतकी वर्षं बघायलाव.”

माझ्याकडे सगळे बघत होते. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते फूटपट्टी पुसत होते. सरांचं म्हणणं खरं आहे, एवढं सांगायला प्राणिशास्त्र यावं लागत नाही.

“माझा विषय नाही हा, साहेब,” मी म्हणालो.

समितीने वाढीव तुकडी मंजूर केली. अहवालात बरणीचा उल्लेख कुठेच नव्हता. प्रयोगशाळेत दोन पंखे वाढवावेत, एवढीच सूचना होती. पुढच्या महिन्यात प्रभारी प्राचार्य म्हणून माझी नेमणूक झाली.

मी सरांकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, ते तिथे पोहोचेपर्यंत टिकलं नाही.

“सर, तुमची हरकत असेल तर मी नाही म्हणून कळवतो.”

“माझी हरकत कशाला?” सर फेरी न थांबवता म्हणाले. “तुमी वेळेवर गप बसलाव. प्राचार्याला ते आलंच पाहिजे. आता ह्याच्यावर सही तेवढी करा.” आणि त्यांनी सहलीचा अर्ज माझ्या हातात दिला. अर्जदाराची सही होती तशीच होती. खाली माझ्या सहीपुरती जागा.

सही करणं सोपं होतं, अध्यक्षांची परवानगी आणणं नव्हे. मुशीचं कालवण त्यांच्या घशात अडकलं होतं. पण संस्थेत इतकी वर्षं काढल्यावर मला शार्कचं नाही, तरी अध्यक्षांचं थोडं कळत होतं. मी अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “साहेब, सहलीला नाव देऊ म्हणतो. थोरल्या साहेबांच्या स्मरणार्थ सागर अभ्यास यात्रा. थोरले साहेब ज्या वाटेनं कोकणात गेले, त्याच वाटेनं पोरं जातील.”

अध्यक्षांनी अर्ज जवळ ओढून घेतला.

“बसला फ्लेक्स लावायचा?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही बाजूंनी.”

“फोटो?”

“साहेबांचा मोठा. तुमचा खाली.”

त्यांनी पेन उचललं, मग परत ठेवलं. “किती पोरं?”

“एकेचाळीस.”

“पाण्यात दोन तासाच्या वर न्हाई. आन् त्यांना सांगा,” त्यांना म्हणजे सरांना, त्यांचं नाव ते घेत नव्हते, “एक पोरगं कमी भरलं तर त्यांच्या पेन्शनीचे कागद ह्या टेबलावरून हलणार न्हाईत. आन् तुमचे बी.”

मी हे शब्दशः सरांना सांगितलं. सर म्हणाले, “रास्त हाय.”

डिसेंबरात एसटीची गाडी ठरली. निघायच्या वेळी सगळी पोरं गाडीत बसली तरी सर खालीच उभे. ते फ्लेक्स बघत होते. थोरल्या साहेबांच्या फोटोमागे फ्लेक्सवाल्याने निळा समुद्र घातला होता आणि त्यातून एक मासा हसत उडी मारत होता. परभणीच्या दुकानात शार्क म्हणून मागितल्यावर जे मिळालं ते त्याने टाकलं होतं.

“सर, चला,” मी म्हणालो. मला धास्ती वाटत होती.

“डॉल्फिन हाय,” सर म्हणाले. “शेपटी आडवी हाय. शार्कची उभी असती.”

“सर.”

त्यांनी खिशातल्या लाल पेनाला हात लावला. मग गाडीच्या खिडक्यांकडे पाहिलं, तिथे बरीचशी डोकी बाहेर आलेली होती. पेन खिशातच राहिलं. सर गाडीत चढले आणि रात्रभर दाराशी दांडा धरून उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो. कोकणातलं साधं गाव, माणसं तुरळक, मासळीची जाळी वाळत घातलेली. गाडीने शेवटचं वळण घेतलं आणि समोर एकदम ते सगळं आलं. पोरांनी आरडाओरडा केला असेल असं वाटेल, पण झालं उलटंच. गाडीत एकदम सामसूम झाली. एक मुलगी म्हणाली, “एवढंय व्हय हे.” मी सरांकडे पाहिलं. ते दारात उभे होते, पाठमोरे, पोरांना उतरण्याच्या ओळी लावत होते.

उतरल्यावर त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शिट्टी गळ्यात अडकवली आणि सगळ्यांच्या आधी स्वतः, पायाखाली बघत, पाण्यात गेले. गुडघाभर पाणी लागलं तिथे थांबले आणि वळून किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, हात दोन्ही बाजूंना पसरून.

“माझ्या पुढं कोणी यायचं न्हाई,” त्यांनी सांगितलं. “म्या हाय ही हद्द.”

एकेचाळीस पोरं त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मधल्या पाण्यात शिरली. कोणी ओंजळीत घेऊन चाखलं आणि थुंकलं. दोघी-तिघी हात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. सर मोजायला लागले. डावीकडून उजवीकडे, बोट नाचवत, मोठ्याने. एकेचाळीस झाले की शिट्टी, की पुन्हा एकपासून. लाटा त्यांच्या पाठीवर येत होत्या. शर्ट मानेपर्यंत भिजला. दर मोठ्या लाटेला ते एक पाऊल पुढे ढकलले जायचे आणि तेवढंच मागे जाऊन पुन्हा उभे राहायचे, न बघता.

मी वाळूवर बसलो होतो, बूट हातात घेऊन. तासभर झाला तेव्हा मला राहवलं नाही. मी पाण्यापाशी गेलो.

“सर, मी बघतो पोरांकडे. तुम्ही मागं वळून बघा तरी जरा.”

त्यांनी हाताने मला थांबवलं. “सव्वीस... सत्तावीस...” मग एक पोरगं डुबकी मारून दुसरीकडे निघालं. “चुकवलं तुमी,” सर म्हणाले, आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

दोन तास झाल्याची शिट्टी त्यांनी घड्याळ बघून मारली. सगळ्यांना पाण्याबाहेर काढलं, वाळूवर रांगेत मोजलं, गाडीच्या दारात मोजलं, सीटवर बसल्यावर मोजलं. मग ते पुढे आले आणि ओल्या कपड्यांनिशी माझ्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. गाडीच्या डाव्या बाजूला, अगदी काचेला लागून, समुद्र होता. सर समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

मी विचारलं, “सर, कसा वाटला समुद्र?”

“एकेचाळीस,” सर म्हणाले, आणि ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.